पल्ला आधी काढला, भाव नंतर सांगितला

आमच्या माहीमच्या घराला पश्चिमेकडे बाल्कनी आहे आणि तिला काचेचं सरकतं दार. समुद्र दोन गल्ल्या सोडून. खारा वारा आणि समोरच्या बांधकामाची धूळ खाऊन दार इतकं जड झालं होतं की सासूबाई ते उघडायला मला हाक मारायच्या. जुलैत एका दुपारी अर्ध्यावर अडलं ते अडलंच. मोबाइलवर शोधलं, पहिला दिसला तो नंबर फिरवला. "व्हिजिट फक्त 199, मॅडम."

दोन पोरं आली. त्यातला मोठा मराठी बोलणारा, चपला बाहेर काढून आत आला, मला काकू म्हणाला. मला उलट बरंच वाटलं! त्याने दार एकदा ढकलून पाहिलं आणि मी काही विचारायच्या आत दोघांनी पल्ला वर उचलला, खालून बाहेर ओढला आणि सोफ्याला टेकवून ठेवला. आकडा आला तो त्यानंतर. "काकू, खालची दोन्ही चाकं गेलीत, ट्रॅकही खाल्लाय. सगळं मिळून 7,800."

बाहेर आभाळ भरून आलेलं, आत सासूबाई झोपलेल्या, बाल्कनी सताड उघडी आणि काचेचं ते धूड सोफ्याला टेकलेलं. नको म्हणून बघितलं. "चालेल, नुसतं परत बसवायचे 1,500 होतील." घासाघीस करून 6,500 वर आलो. अर्धे आधीच, क्यूआर कोडवर.

मग जुनं फडकं द्या, पाणी द्या, झाडू द्या, असं चाललं. दर वेळी मी आत जायची. शेवटी त्याने तळहातावर दोन झिजलेली, काळी प्लॅस्टिकची चाकं दाखवली. "ही बघा तुमची जुनी." दार लोण्यासारखं सरकत होतं. वर मी चहाही पाजला. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं, ते अजून येतंय.

तीन आठवड्यांत दार पुन्हा अडलं, आधीपेक्षा वाईट. या वेळी मागच्या गल्लीतल्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलावलं. पल्ला काढून बघायचे 200, हे त्याने दारातच सांगितलं. पल्ला उलटा केला तर खाली आमची मूळची स्टीलची चाकं जशीच्या तशी! एक चाक घासून एका बाजूने सपाट झालेलं, दुसऱ्याच्या आसाभोवती केसांचा गुंता. मी काहीही टाकत नाही, त्यामुळे ती प्लॅस्टिकची चाकं ड्रॉवरमध्ये होती. आणून दिली. त्याने खाचेत धरून पाहिली, बसेचनात. "ताई, ही तुमच्या दाराची नाहीतच."

मग ते लोण्यासारखं कसं सरकलं? पल्ल्याच्या कडेला खाली एक छोटं भोक असतं, आत स्क्रू. तो पिळला की चाक खाली येतं, पल्ला थोडा उचलला जातो आणि ट्रॅकला घासायचा थांबतो. पोरांनी तेवढंच केलं होतं, वर भरपूर तेल सोडलं होतं. तेलात धूळ बसून ट्रॅकमध्ये काजळासारखा लगदा झाला होता. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने तो जुन्या टूथब्रशने खरवडून काढला, पाणी जायची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली, नवी चाकं घातली. चाकांचे 280, मजुरी 400.

1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तक्रार कशाच्या जोरावर करणार? बिल नाही, आणि पैसे गेलेत कुठल्याशा मोबाइल दुकानाच्या नावावर.

तेव्हा पल्ल्याला हात लावू द्यायच्या आधी भाव मेसेजवर लिहून घ्या. आधी ट्रॅक साफ करा, तो स्क्रू पिळून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. पल्ला निघालाच तर खालच्या बाजूचा फोटो काढा आणि परत बसवताना चाकं ताडून बघा. पाणी वगैरे कारागिरांनी आल्या आल्या प्यावं, म्हणजे काम चालू असताना आपल्याला आत जावं लागत नाही.

परवा दुसऱ्या फोनवरून तोच नंबर लावला. आवाज तोच, कंपनीचं नाव वेगळं, व्हिजिट 199. माहीम म्हटल्यावर फोन कट.

ती काळी चाकं अजून ड्रॉवरमध्ये आहेत. एकावर पांढऱ्या रंगाचा ओघळ आहे. आमच्या दाराची चौकट चॉकलेटी आहे, म्हणजे हे कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातून आलंय.