लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमकॉर्डर घेताय? फोर-केच्या आधी झूमचं दुसरं टोक तपासा

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: फोर-के हवा की फुल एचडी? लग्नाचा व्हिडिओ बिघडतो तो भलत्याच ठिकाणी. झूम केल्यावर चेहरे काळवंडतात, अंतरपाट निघतो त्याच क्षणी फोकस हरवतो, नाहीतर भटजींचा आवाज फाटतो. त्यामुळे आधी या तीन गोष्टी बघा.

लग्नाच्या कामात आज दिसणारे बहुतेक कॅमकॉर्डर एक इंची सेन्सरचे आहेत: सोनीचे एनएक्स१००, एनएक्स८० आणि झेड१५०, पॅनासॉनिकचा सीएक्स३५०, आणि २०२४ मध्ये आलेला सोनीचा एनएक्स८००. (एक इंच हे नुसतं नाव. सेन्सर मोजला तर १३.२ × ८.८ मिमी भरतो.) या सगळ्यांच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ २.८ आणि पूर्ण टेलीला, म्हणजे झूमच्या दुसऱ्या टोकाला, एफ ४.५ आहे. म्हणजे पूर्ण झूम केला की सेन्सरवर येणारा उजेड अडीच पटींहून जास्त घटतो. तो भरून काढायला साधारण ८ डीबी गेन (चित्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उजळवणं) वाढवावा लागतो. हॉलमध्ये वाइडला ९ डीबीवर छान दिसणारं चित्र टेलीला १७ डीबी मागतं. ऑटो गेनची मर्यादा १२ वर बांधलेली असेल तर नवरीचा चेहरा काळवंडतो, नसेल तर शालूच्या गडद भागात दाणे नाचायला लागतात. एक इंची सेन्सरवर १२ डीबी बिनधास्त चालतं, १५ निभावतं, १८ च्या पुढे ग्राहकाच्या टीव्हीवर दिसून येतं.

म्हणून बारा पट झूम की वीस पट, यावर डोकं फोडू नका. हॉलच्या शेवटच्या रांगेतून वीस पट झूम मारण्यापेक्षा ट्रायपॉड मधल्या वाटेत, पाटावर किंवा स्टूलवर चढवून लावला तर चित्र हमखास उजळ येतं. वाइडचा आकडा (मिमीत; लहान तितकं जास्त रुंद दृश्य) मात्र नीट पाहा. एनएक्स१००, एनएक्स८० आणि झेड१५० यांची लेन्स २९ मिमीपासून सुरू होते, एनएक्स८०० ची २४ आणि सीएक्स३५० ची २४.५ मिमीपासून. कागदावर फरक किरकोळ वाटतो. दहा फुटांवरून २९ मिमीत साडेबारा-तेरा फूट रुंदी मावते, २४ मिमीत पंधरा फुटांच्या वर. स्टेजवर मामा, करवल्या, फोटोग्राफर आणि त्याचा लाइटवाला असे सगळे दाटीने उभे असतात आणि मागे सरकायला जागा नसते, तेव्हा हेच दोन-तीन फूट कामाला येतात.

सोनीचा खांद्यावरचा एमसी२५०० अजून बऱ्याच गावांत चालतो. मोठा कॅमेरा दिसला की यजमानांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, हेही खरंच. पण आत पाव इंची सेन्सर आहे, रेकॉर्डिंग फुल एचडीपुरतं आहे आणि एक्सएलआर (व्यावसायिक माइकची तीन पिनांची जोडणी) नाही. दिवसाच्या मुहूर्ताला ठीक. रात्रीच्या रिसेप्शनसाठी आज नव्याने घेऊ नये.

आता फोकस. मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा कॅमेऱ्यासमोर पांढरा अंतरपाट ताणलेला असतो. कॉन्ट्रास्टवर चालणारा ऑटोफोकस (एनएक्स१००, झेड१५०, सीएक्स३५०) त्या कापडाच्या काठाला चिकटतो. 'सावधान' होऊन पाट निघाला की तो पुढे-मागे शोधत फिरतो, आणि तेवढ्यात अक्षता पडून हार घालायला सुरुवात झालेली असते. इथे फोकस मॅन्युअलवर हवा. अंतरपाट धरण्याआधी नवरीच्या चेहऱ्यावर झूम करून फोकस बांधा, मग झूम मागे घ्या आणि पाट निघेपर्यंत रिंगला हात लावू नका. होमाच्या धुरातही हाच नियम.

एनएक्स८० मध्ये २७३ बिंदूंचा फेज-डिटेक्शन (पुढे-मागे न शोधता थेट पकडणारा) फोकस आहे, एनएक्स८०० मध्ये त्याच्याही पुढचा, माणूस ओळखून धरून ठेवणारा. एकट्याने हातात कॅमेरा घेऊन शूट करणाऱ्याला हा फरक सोन्यासारखा आहे. तरी डब्यातून काढल्या-काढल्या भरवसा ठेवू नका. फोकसचा वेग आणि विषय बदलण्याची संवेदनशीलता या दोन्ही सेटिंग मेन्यूत कमी करा, नाहीतर समोरून उडणाऱ्या अक्षतांवरही फोकस उडी मारतो. एनएक्स८० ची अडचण दुसरीकडे आहे: लेन्सवर एकच रिंग, स्विच सरकवून ती फोकसला किंवा झूमला द्यायची. झेड१५० आणि सीएक्स३५० वर फोकस, झूम, आयरिस (अ‍ॅपर्चर) अशा तीन वेगळ्या रिंगा आहेत. ज्याचा हात त्यावर बसलाय त्याला एका रिंगेवर यायला त्रास होतो.

आवाजात सगळ्यात जास्त कामं वाया जातात, तीही एका स्विचमुळे. एक्सएलआरच्या शेजारी लाइन, माइक आणि माइक + ४८ व्होल्ट असे तीन पर्याय असतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून येणारी वायर लाइनवरच घ्यायची. ती माइकवर राहिली तर आवाज फाटतो आणि एडिटिंगला बसल्यावर तो दुरुस्त होत नाही. मिक्सरच्या मास्टरमधून (मुख्य आउटपुट) घेऊ नका, ऑक्स आउट (वेगळं जादा आउटपुट) मागा. मास्टर वर-खाली झाला की तुमची पातळीही हलते. पहिल्या चॅनेलवर मिक्सर, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक. नुसत्या मिक्सरच्या आवाजात मंत्र स्वच्छ येतात, पण टाळ्या आणि हसणं गायब होतं. भटजींचा आवाज मीटरवर -१२ डीबीच्या आसपास ठेवा, कारण पाठोपाठ वाजंत्री सुरू होणार आहे. घूंऽऽ असा आवाज आला तर अ‍ॅडॅप्टर काढून कॅमेरा बॅटरीवर चालवून पाहा; दोन वेगळ्या वीजजोडण्यांच्या अर्थिंगमुळे बहुधा तो येतो.

हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळे गाल दिसले की कॅमेरा पिवळा रंग कापायला बघतो आणि चेहरे निळसर पडतात. त्याच उजेडात पांढरा कागद धरून मॅन्युअल सेट करा. (भटजींचं उपरणं पांढरं असेलच असं नाही.) शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने १/६० वर ट्यूबलाइट लपलपते. एलईडी वॉलवर पट्टे आले तर सोनीत ईसीएस, पॅनासॉनिकमध्ये सिंक्रो स्कॅन (शटर बारीक जुळवण्याची सोय) चालू करून पट्टे थांबेपर्यंत आकडा फिरवा. फोटोग्राफरच्या फ्लॅशने अर्धीच फ्रेम पांढरी होते, हा सीमॉस सेन्सरचा स्वभाव आहे, दुरुस्तीला नेऊ नका. वरातीत डीजेचा लेझर मात्र थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका. सेन्सर कायमचा जळू शकतो.

कार्डांचा हिशेब: १०० एमबीपीएस वेगाच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी, ५० ला साडेबावीस. ६४ जीबीच्या कार्डावर फोर-के जेमतेम ऐंशी मिनिटं मावतं. शंभरला यू३ (वेगाची खूण) लिहिलेलं कार्डच घ्या. दोन स्लॉट असतील तर रिले (एक भरलं की दुसरं) नको, दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा. लग्न पुन्हा लागत नाही. ग्राहकाला पेनड्राइव्ह देताना तो फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल चढत नाही, हेही लक्षात असू द्या.

लाइव्ह आणि एलईडी वॉलचं काम असेल तर एसडीआय (चित्र बाहेर देणारी व्यावसायिक केबल-जोडणी) असलेलाच कॅमेरा घ्या, उदाहरणार्थ झेड१५० किंवा सीएक्स३५०. सीएक्स३५० नेटवर्क केबलवरून एनडीआयनेही चित्र देतो. एसडीआयची बीएनसी पिन फिरवून अडकते, एचडीएमआय कुणाचा पाय लागला की निघते, आणि लांबच्या वायरीला दगा देते.

एकूण निवड अशी: एकटे फिरत असाल तर एनएक्स८०, स्टेजसमोर ट्रायपॉड आणि लाइव्ह असेल तर सीएक्स३५०, बजेट सैल असेल तर एनएक्स८००. फोर-के मागणारे ग्राहक नसतील तर जुना एनएक्स१०० अजूनही खूप काम काढतो.

जुना घेताना लेन्सवर टोपी लावून गेन पूर्ण वाढवा आणि काळ्या पडद्यावर एकाच जागी चमकणारे ठिपके शोधा. झूम रॉकर अगदी हळू दाबून पाहा, अडखळतो का. दोन्ही एक्सएलआरवर ४८ व्होल्टचा माइक लावून ऐका, दोन्ही स्लॉटमध्ये दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करा. शेवटी मोबाइलचा टॉर्च समोरून तिरका लेन्समध्ये मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातून, गोव्यातून आलेल्या कॅमेऱ्यात ही तपासणी टाळू नका.