खाल्लेले अंगी लागावे म्हणून: ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’मधील वजन आणि मॉडिंग

जगण्याच्या झगड्यावर बेतलेल्या बहुतेक गेममध्ये भूक म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातील एक पट्टी असते. ती रिकामी झाली की पात्र मरते आणि भरली की विषय संपतो. खाल्लेले अन्न पुढे अंगी लागले की वाया गेले, याची विचारपूस कोणी करत नाही. ‘द इंडी स्टोन’ या संघाचा ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ त्याला ठळक अपवाद आहे, आणि पात्राच्या वजनवाढीचे मॉड (मूळ गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेली भर किंवा बदल) लिहू पाहणाऱ्याने सुरुवात याच गेमपासून करावी, असे माझे मत आहे. झॉम्बी किती भीतिदायक आहेत यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात २०१३ पासून मिळणाऱ्या या गेमच्या पोषणयंत्रणेचे आणि ती बदलण्यासाठी मॉडलेखकाला मिळणाऱ्या मोकळिकीचे तेवढे परीक्षण येथे करतो. विवेचन मुख्यतः ४१व्या बिल्डचे, म्हणजे आवृत्तीचे आहे.

गेमचा काळ १९९३ सालचा आणि स्थळ अमेरिकेतील केंटकी राज्यातला ‘नॉक्स कंट्री’ हा काल्पनिक प्रदेश. सर्वसाधारण पात्राचे वजन आरंभी ८० किलो असते. प्रत्येक खाद्यपदार्थाला भूक भागवण्याच्या क्षमतेखेरीज कॅलरी, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने अशी चार स्वतंत्र मूल्ये असतात, आणि पात्राच्या नावावर कॅलरींची एक खातेवही चालू राहते. खाल्ले की जमा होते, झोपले, चालले, धावले, कुऱ्हाड चालवली की त्या त्या प्रमाणात खर्च पडतो, आणि शिल्लक कुठल्या बाजूला झुकली आहे त्यावरून वजन हळूहळू वर किंवा खाली सरकते. ७५ ते ८५ किलोच्या दरम्यान पात्र सामान्य मानले जाते. ८५च्या पुढे ‘ओव्हरवेट’ आणि १००च्या पुढे ‘ओबीस’ हे गुणविशेष आपोआप चिकटतात, तर खालच्या बाजूला कृशतेच्या तीन पायऱ्या आहेत. माहितीच्या पानावर वजनाशेजारी दिसणारे छोटे बाण कल कुठे आहे ते सांगतात. एवढी तयारी मूळ गेममध्येच असल्यामुळे मॉडलेखकाला शून्यातून काही उभारावे लागत नाही, ही या गेमची सर्वांत मोठी जमेची बाजू.

तरीही ही यंत्रणा मला अर्धवट वाटते, आणि मॉडची गरज तेथेच निर्माण होते. पहिली अडचण अशी की कॅलरींच्या शिलकीला उणे २,२०० ते अधिक ३,७०० अशी मर्यादा घातलेली आहे. एखाद्या दिवशी पात्राने कितीही ताव मारला तरी ३,७००च्या वरचा हिशेब गेम विसरून जातो, त्यामुळे आठवडाभराच्या चंगळीची स्मृती कुठेच उरत नाही. दुसरी अडचण पायऱ्यांची आहे. ८४ किलोचे पात्र निरोगी आणि ८६ किलोचे पात्र एकाएकी दमेकरी, असा प्रकार होतो. मधले उतार जवळजवळ नाहीत. तिसरी अडचण मला अधिक खटकते, कारण ती दृष्टिकोनाची आहे. पात्र घडवताना ‘ओबीस’ हा दोष पत्करल्यास बदल्यात १० पॉइंट मिळतात आणि ते इतर चांगल्या गुणविशेषांवर खर्च करता येतात. म्हणजे स्थूलता ही रचनेच्या पातळीवर निव्वळ उणीव ठरते. ज्या जगात वीज जाणार आहे आणि शीतपेटीतले मांस नासणार आहे, तेथे अंगावरची चरबी ही वेळेला उपयोगी पडणारी पुंजी आहे, हे खेळाडूला कुठेही नीट जाणवत नाही.

आता मॉडिंगकडे वळू. गेमचा गाभा जावामध्ये आहे, पण त्यावर लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्क्रिप्टचा थर असून बहुतेक मॉड याच थरातून काम करतात. साध्या मजकूर-संपादकात फाइल लिहावी, मॉडची ओळख सांगणारी छोटी माहिती-फाइल सोबत ठेवावी, आणि गेम पुन्हा सुरू करावा, इतकी ही वाट सरळ आहे. पात्राच्या पोषण-वस्तूकडून वजन आणि कॅलरी वाचता येतात, तशाच त्या लिहिताही येतात. दर मिनिटाला, दर दहा मिनिटांनी किंवा दर दिवशी गेम ठरावीक घटना जाहीर करतो आणि आपले फंक्शन त्या घटनेला जोडून देता येते. वजनासारख्या संथ गोष्टीसाठी दहा मिनिटांची घटना पुरेशी आहे; दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलेल तितक्या वेळा, हिशेब करणारी मॉड मी पाहिली आहेत, आणि संगणकाला विनाकारण दमवण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

खरी खुबी पुढे आहे. मूळ गेम स्वतःही वजन बदलत असतो, त्यामुळे मॉडने थेट नवे वजन लिहून टाकल्यास दोघांची ओढाताण सुरू होते. त्यापेक्षा प्रत्येक वेळी आधीचे वजन लक्षात ठेवावे, मूळ यंत्रणेने मधल्या काळात किती फरक केला तो काढावा, आणि त्या फरकाला आपल्या गुणकाने वाढवावे किंवा घटवावे. असे केल्यास गुणविशेषांना हात लावण्याची गरजच पडत नाही, कारण मर्यादा ओलांडली की ते बदलण्याचे काम गेम आपले आपण करतो. मागील दहा दिवसांच्या खाण्याची सरासरी साठवायची असेल तर पात्राशी जोडलेली मॉडडेटा नावाची जागा उपलब्ध आहे आणि तिच्यातला मजकूर सेव्ह फाइलसोबत टिकतो. ३,७००ची मर्यादा त्यामुळे बाजूने का होईना, ओलांडता येते. मधल्या उतारांसाठी दमाच्या आकड्यात वजनाच्या प्रमाणात किंचित घट करत राहावी. चाचणीसाठी डीबग पर्यायाने गेम सुरू केल्यास खेळाडूचे वजन हाताने बदलता येते, ही सोय नसती तर प्रत्येक बदल तपासायला पात्राला आठवडाभर डबाबंद अन्न चारत बसावे लागले असते.

वेग किती ठेवावा हा प्रश्न मात्र कोडपेक्षा विवेकाचा आहे. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० किलोकॅलरी हा प्रचलित ठोकताळा धरला आणि रोज ५०० किलोकॅलरी जादा पोटात गेल्या, तर किलोभर वजन वाढायला पंधरा दिवस लागतील. गेममधला दिवस नेहमीच्या मांडणीत एक तासाचा असतो, म्हणजे एका किलोसाठी पंधरा तास खेळावे लागेल. उपासमारीचेही तेच. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांवर जो प्रयोग केला, त्यात २४ आठवड्यांच्या अर्धपोटी राहणीनंतर वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले होते; गेमच्या घड्याळात ते १६८ तास होतात, आणि बहुतांश पात्रे तोवर झॉम्बींच्या तोंडी गेलेली असतात. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या मॉडमध्ये खेळाडूला काही घडताना दिसतच नाही. माझ्या मते गुणक तीन ते पाचच्या दरम्यान असावा, घट वाढीपेक्षा थोडी संथ ठेवावी, आणि हे आकडे सँडबॉक्सच्या, म्हणजे खेळाचे नियम स्वतः ठरवण्याच्या, पर्यायांत खेळाडूच्या हाती द्यावेत. पोषणयंत्रणा तेथूनच बंद करता येते, म्हणून मॉडने आधी ती चालू आहे ना हे तपासणे सौजन्याचे ठरेल.

पदार्थांच्या बाबतीत एकच सूचना. एखाद्या मूळ पदार्थाच्या कॅलरी बदलण्यासाठी त्याची संपूर्ण व्याख्या पुन्हा लिहिणारे मॉड दुसऱ्या तशाच मॉडशी हमखास भांडते आणि शेवटी लोड झालेले जिंकते. त्याऐवजी गेम सुरू होताना पदार्थांच्या व्याख्या सांभाळणाऱ्या स्क्रिप्ट मॅनेजरकडून तो पदार्थ मागवून त्याचे एकच मूल्य बदलावे.

जेथे हा गेम मॉडलेखकाला साफ निराश करतो ती जागा म्हणजे शरीराची आकृती. ५५ किलोचे पात्र आणि ११० किलोचे पात्र पडद्यावर एकसारखेच दिसते. २००४ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये नायक खाण्याने फुगत असे आणि व्यायामाने पिळदार होत असे, हे आठवल्यावर ही उणीव अधिकच डोळ्यांत भरते. तिच्यामागे कारण आहे. काही कपडे शरीरावर रंगवलेल्या पोतासारखे असतात, ते कसेही ताणले तरी चालतात. परंतु जाकिटे, पाठपिशव्या, चिलखती अंगरखे यांची स्वतंत्र त्रिमितीय रूपे मूळ देहाच्या मापाने बेतलेली आहेत. पोट सुटलेला नवा देह बनवणे ब्लेंडर हे त्रिमितीय रूपे घडवण्याचे सॉफ्टवेअर जाणणाऱ्याला अवघड नाही, पण मग यांतला प्रत्येक कपडा त्या देहावर पुन्हा बसवावा लागतो, आणि इतर मॉडमधून येणारे कपडे तरीही पोटात घुसलेले दिसतात. म्हणून एकट्याने काम करणाऱ्याने आकृतीच्या फंदात पडू नये. पात्राने स्वतःशी काढलेले उद्गार, कुंपणावर चढताना लागणारा जास्तीचा दम, अन्नटंचाईत स्थूल पात्राला मिळणारी उसंत यांतून वजन जाणवून देणे शक्य आहे, आणि खेळाच्या दृष्टीने ते अधिक उपयोगाचे आहे.

सामूहिक खेळासाठी मॉड करणाऱ्याने थोडे सांभाळून असावे. विभागलेल्या पडद्यावर दोघे खेळत असताना ‘खेळाडू द्या’ हे साधे फंक्शन पहिल्याच खेळाडूकडे बोट दाखवते, त्यामुळे दुसऱ्याने खाल्लेल्याचा हिशेब लागतच नाही. क्रमांकाने खेळाडू मागणारे फंक्शन वापरावे. डिसेंबर २०२४ मध्ये ४२वा बिल्ड अस्थिर, म्हणजे चाचणीच्या, शाखेत प्रसिद्ध झाला आणि पशुपालनामुळे दूध, मांस यांचा कायमचा पुरवठा खेळाडूच्या अंगणात आला. वजनवाढीच्या मॉडला त्याहून पोषक जमीन मिळणार नाही. मात्र त्यात मॉडच्या फोल्डरची रचना बदलली असून जुने मॉड तसेच्या तसे चालत नाही. नवख्याने ४१वर हात बसवावा आणि हिशेबाचा भाग एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे स्थलांतराच्या वेळी तेवढी फाइल उचलून नेता येईल.