सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या: ओएस लॉगिन वापरून आठ महिने

फेब्रुवारीत हळदीचे सौदे भरात होते आणि एका आडत दुकानात सकाळी पट्टीच निघेना झाली. आम्हाला कळून आम्ही हात घालायच्या आत ती निघायलाही लागली. लॉग उघडला, तर सर्व्हरवर शिरून प्रोग्रॅम पुन्हा चालू करणारा पोरगा तीन आठवड्यांपूर्वी आमची नोकरी सोडून पुण्याला गेलेला. फोन लावला. "मॅडम, शेठचा फोन आलता. काटा झालाय, शेतकरी दारात बसलाय, बघ की जरा, म्हणाले. बसमध्येच लॅपटॉप उघडून केलं."

आता याला रागवायचं की चहा पाजायचा? त्याने काम आमचंच केलं होतं. पण तो आत कसा आला, याचं उत्तर लाजिरवाणं होतं. त्याची एसएसएच किल्ली, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरताना ओळख पटवणारी फाइल, आम्ही काढलीच नव्हती. ('की' म्हटलं की वाक्यात गोंधळ होतो, म्हणून मी किल्लीच म्हणते.) त्यावर उपाय म्हणून घेतलं ते ओएस लॉगिन, म्हणजे मशीनवर कोणी शिरायचं हे माणसाच्या गूगल खात्यावरून ठरवणारी गूगल क्लाउडची सोय.

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. सात माणसं. हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी आवक, पट्टी, हमाली-तोलाई असा हिशेबाचा प्रोग्रॅम चालवतो. २०१९ च्या महापुरापर्यंत सर्व्हर हरभट रोडच्या जुन्या जागेत टेबलाखाली होता. पुढचं सांगायला नको. तेव्हापासून सगळं गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. माणसं मात्र टिकत नाहीत. दोन वर्षं शिकतात आणि हिंजवडी गाठतात. तक्रार नाही, मीही तेच केलं होतं, फक्त परत आले. पण त्यामुळे माणूस गेल्यावर त्याच्या वाटा बंद करायचं काम आमच्याकडे सारखं निघतं.

आधीची पद्धत अशी होती, की सगळ्यांच्या किल्ल्या प्रोजेक्टच्या मेटाडेटात, म्हणजे त्यातल्या सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, एकाखाली एक ओळी. प्रत्येक मशीनवरचा गेस्ट एजंट, म्हणजे गूगलचा छोटा प्रोग्रॅम, त्या ओळी वाचतो आणि त्या त्या युजरच्या फाइलमध्ये उतरवतो. ओळ पुसली की तिथूनही काढतो. म्हणजे सोय होती, पुसायचं कोणी हा प्रश्न होता. सगळ्यांची ती एकच लांबलचक यादी, त्यात भलतीच ओळ उडाली तर आपणच बाहेर, म्हणून कोणी हात लावायचं नाही.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट नीट उमगली. आपण 'किल्ली काढली' म्हणतो, पण किल्ली आपल्याकडे नसतेच. ती, म्हणजे प्रायव्हेट की, त्या पोराच्या लॅपटॉपात बसून पुण्याला गेली. आपल्याकडे राहतं ते तिला लागणारं कुलूप. सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला चार भाऊ आपापली कुलपं साखळीत गुंतवतात, कुठलंही एक उघडलं की पेटी उघडते, तसं. काढायचं असतं ते त्याचं कुलूप, आणि ते किती दारांना लटकतंय हे आधी शोधायला लागतं.

मार्चमध्ये ओएस लॉगिन चालू केलं. याला वेगळे पैसे नाहीत. मेटाडेटात 'इनेबल-ओएसलॉगिन' ट्रू करायचं, मग मेटाडेटातल्या किल्ल्या चालत नाहीत. किल्ली माणसाच्या संस्थेच्या खात्याला जोडलेली राहते आणि आत जायची परवानगी आयएएममधल्या, म्हणजे गूगल क्लाउडच्या परवानग्यांच्या यादीतल्या, रोलवर ठरते. साधा रोल ओएस लॉगिन, सुडोसकट (मशीनवरच्या सगळ्या अधिकारांसकट) हवा तर ओएस ॲडमिन लॉगिन. लॉगिन करताना मशीन विचारतं, या माणसाला अजून परवानगी आहे का? नसेल तर किल्ली कितीही खरी असो, दार उघडत नाही.

पहिला दिवस वाईट गेला, आमच्याच चुकीने. मशीन सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे माणसाच्या नव्हे तर प्रोग्रॅमच्या खात्यावर, चालत असेल तर 'सर्व्हिस अकाउंट युजर' हाही रोल लागतो. तो द्यायचा राहिला आणि दोघंजण दुपारपर्यंत 'परमिशन डिनाइड' बघत बसले. शिवाय ओएस लॉगिनमध्ये लिनक्सचं युजरनेम बदलतं, संस्थेच्या ईमेलवरून नवीन लांब नाव तयार होतं. नवीन नाव म्हणजे नवीन होम फोल्डर. जुन्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सगळं जुन्या नावाखाली तसंच. रात्रीचा बॅकअप एका सोडून गेलेल्या माणसाच्या क्रॉनमधून चालत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं! त्याचा युजर आधीच उडवला असता तर बॅकअपही गेला असता. हे चालू करायच्या आधी प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब बघून घ्या.

आठ महिन्यांत तीन माणसं गेली. पहिल्याच्या वेळी मी सरळ टर्मिनल उघडून 'जीक्लाउड कम्प्यूट ओएस-लॉगिन एसएसएच-कीज रिमूव्ह' मारायला बसले. ही कमांड ज्याच्या नावाने लॉगिन आहे त्याच्याच किल्ल्या काढते. म्हणजे मी माझीच काढणार होते. दुसऱ्याच्या किल्ल्यांना ॲडमिनने डिरेक्टरी एपीआयमधून, म्हणजे संस्थेची खाती सांभाळायच्या गूगलच्या वाटेने, हात घालायचा असतो. आम्ही त्या वाटेला फारसे जात नाही. आधी रोल काढतो, मग खातं सस्पेंड करतो. माणूस अजून ऑफिसात असेल तर त्याच्याच हाताने किल्ल्या काढून घेतो. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत देतानाच, भडंग खाता खाता पाच मिनिटांत होतं. किल्ल्यांची लिस्ट कमांड फक्त फिंगरप्रिंट (किल्लीवरून काढलेली खूण) आणि मुदत दाखवते, फिंगरप्रिंट ६४ अक्षरी. कुठली किल्ली कुठल्या लॅपटॉपची हे हवं असेल तर 'डिस्क्राइब-प्रोफाइल' चालवायचं, त्यात अख्खी किल्ली शेपटाच्या कॉमेंटसकट दिसते.

एवढं करूनही काय उरतं? उघडं असलेलं सेशन. एसएसएच दारातच तपासतं, आत बसलेल्याला उठवत नाही. दुसरा माणूस गेला तेव्हा त्याचं सेशन सगळं काढल्यावरही जिवंत होतं. आता 'हू' कमांडने कोण आत आहे ते बघून त्या युजरच्या प्रोसेस मारतो. आणि हाताने लिहिलेल्या ओळी. 'डिप्लॉय' नावाचा एक जुना लोकल युजर होता, त्याच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये (कोणाच्या किल्ल्या चालतील ते मशीन इथे बघतं) कोणीतरी कधीतरी घाईत चार किल्ल्या चिकटवलेल्या. गूगल क्लाउडच्या वेब कन्सोलमध्ये त्यांचा पत्ताच नाही, त्या मशीनवर जाऊनच पुसायला लागल्या. डेटाबेसचे पासवर्ड बदलायचे ते वेगळंच.

जूनमध्ये डिप्लॉयमेंट, म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं, अचानक अडलं. मेसेज असा की लॉगिन प्रोफाइल, म्हणजे खात्याला जोडलेल्या किल्ल्या वगैरे माहिती, ३२ केआयबीच्या (किलोबाइटसारखं माप) वर गेलं. आमचा बिल्ड (नवी आवृत्ती तयार करायचं काम) दरवेळी नवीन कंटेनरमध्ये, म्हणजे कामापुरत्या कोऱ्या डब्यात, चालतो, कंटेनर नवीन म्हणून 'जीक्लाउड कम्प्यूट एसएसएच' दरवेळी नवीन किल्ली बनवून सर्व्हिस अकाउंटच्या प्रोफाइलला जोडतं, आणि आम्ही मुदत दिलेलीच नव्हती. सगळ्या एका लूपमध्ये काढल्या. आता 'एसएसएच-की-एक्स्पायर-आफ्टर' लावून तासाभराची मुदत देतो आणि बिल्ड संपताना किल्ली काढतो. हे कागदपत्रांत आधीच लिहिलेलं होतं, वाचलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं असेल, आमचा एक सल्लागार साध्या जीमेलवरून येतो, तर 'ओएस लॉगिन एक्स्टर्नल युजर' हा रोल संस्थेच्या पातळीवर द्यायला लागतो, प्रोजेक्टवर देऊन भागत नाही. मला हे आवडलं. काम झालं की एकाच ठिकाणी जाऊन काढायचा. संस्थेच्या धोरणात ओएस लॉगिन सक्तीचं केल्यापासून नवीन प्रोजेक्टवर ते आपोआप चालू होतं. जुन्या प्रोजेक्टवर आपणच फिरायला लागतं, आम्ही एक विसरलो होतो, तो सप्टेंबरमध्ये सापडला.

माझ्या मते पाचाहून जास्त माणसं आणि येणारे-जाणारे असतील तर हे घ्यावंच. एकटा माणूस, एक मशीन असेल तर मेटाडेटा पुरे. आणि त्या पोराला आम्ही परत आत घेतलेलं नाही, शेठना आमचा नंबर पाठ करायला लावलाय.

दिवाळीच्या सुमाराला इथे बेदाण्याचे सौदे बंद ठेवून येणी-देणी मिटवतात, शून्य पेमेंट म्हणतात त्याला. व्यापारी मोकळे, म्हणून आम्हीही मोकळे. यंदा त्याच दिवसांत बसून सगळ्यांच्या किल्ल्यांची यादी काढली. पोरांच्या एकेक-दोनदोन निघाल्या. माझ्या खात्यात पाच. दोन या लॅपटॉपच्या, एक घरच्या कॉम्प्युटरची. उरलेल्या दोनांपैकी एक भाचीला देऊन टाकलेल्या जुन्या लॅपटॉपची असावी. दुसरी कशाची ते आजही आठवत नाही. दोन्ही काढल्या, अजून तरी कुठे काही अडलेलं नाही.