कोकणात कंदाचा बिगोनिया: बी पेरायचे, कंद आणायचा, की साध्या बिगोनियावर भागवायचे?

बशीएवढे फूल, गुलाबासारख्या एकावर एक पाकळ्या, शेंदरी, पिवळा, केशरी रंग. ट्युबरस, म्हणजे कंदाच्या, बिगोनियाचा फोटो पाहिला की हात आपोआप ऑर्डरकडे जातो. मग बी मागवू की तयार कंद? बहुतेक जण म्हणतील कंदच, बियांची कटकट कोण करणार. मी उलटे सांगते. किनाऱ्यालगत राहत असाल आणि हेच फूल हवे असेल, तर बी पेरा.

हे झाड मूळचे पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरांतले. सावलीत दुपारचे 30-31 अंश ते कसेबसे निभावते, पण रात्र गार व्हायलाच हवी, नाहीतर कळ्या उमलण्याआधीच गळतात. रत्नागिरी, गुहागर, मालवणकडे रात्रीचा पारा 18-19 अंशांवर येतो तो जेमतेम डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे फुलायला मिळतात दोन-अडीच महिने. फूल त्या दिवसांत आले पाहिजे, बाकी सगळे त्यामागून.

कंद इथेच फसतो. तो विकायला येतो जानेवारी ते मार्चमध्ये, थंड हवेच्या ठिकाणांचे वेळापत्रक धरून. लावल्यापासून तीनेक महिन्यांनी फूल, म्हणजे आपल्याकडे फणस पिकायच्या दिवसांत. मे महिन्यात झाड नुसते लोंबकळते आणि जूनचा पाऊस पडला की कंद कुजतो. रंग आधीच ठाऊक असतो आणि रोपे सांभाळायची कटकट नसते, हे कंदाचे फायदे खरेच. पण पैसे जास्त मोजून चुकीच्या महिन्यात फूल कशाला?

बियांचे वेळापत्रक मात्र आपण ठरवू शकतो. फुलायला पाच-सहा महिने लागतात, म्हणून ऑगस्टमध्ये पेरायचे, गणपतीची साफसफाई निघते त्या सुमारास. तेव्हा पडवीत 24 ते 28 अंश असतात, उगवणीला हे छान. बी अक्षरशः धुळीसारखे, एका ग्रॅममध्ये 40,000 हून अधिक. पंखा बंद करून पेरा. मी पहिल्या वर्षी केला नव्हता. अर्धे पाकीट जमिनीवर गेले आणि सकाळी केराबरोबर बाहेर. कोटिंग केलेले बी मिळाले तर तेच घ्या, एकेक दाणा ठेवता येतो. फक्त कोटिंग पूर्ण विरघळेपर्यंत ओल तुटू देऊ नका.

बी झाकायचे नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. बारीक चाळलेले, धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर बी, आणि ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवायचा. पाणी पागोळीचे धरून ठेवलेले. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या विहिरीचे पाणी या रोपांना चालत नाही, पानांच्या कडा जळतात. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात आणि तिथून खरी परीक्षा. पावसाळी दमट हवेत रोपे बुडातून कोलमडतात, ज्याला आपण मर म्हणतो. ट्रेवरचा प्लास्टिकचा कागद रोज थोडा थोडा उघडत न्या, दाट झालेली रोपे निर्दयपणे काढा.

आणखी एक गोष्ट, जी पाकिटावर नसते. दिवस लहान झाला की हे झाड वाढ थांबवून कंद भरायला लागते. रत्नागिरीला डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून संध्याकाळी साधा एलईडी दिवा रात्री नऊपर्यंत रोपांवर लावायचा, दिवस 14 तासांचा होईल असा. हे न केल्यामुळे माझी दुसऱ्या वर्षीची रोपे बोटभर उंचीवरच बसून राहिली. दिवाळीनंतर खळ्यात मांडव घालतोच, त्या झावळ्यांखालची सावली कुंड्यांना पुरेशी. उन्हाची तिरीप सकाळची असू दे, दुपारची नको.

हे सगळे वाचून दम लागला असेल तर साधा बिगोनिया घ्या, मेणचट पानांचा, सेम्परफ्लोरेन्स. त्याचेही बी तितकेच बारीक, पण 12 ते 14 आठवड्यांत फूल, दिव्याची भानगड नाही, गरम रात्रीही तो सोसतो. सप्टेंबरात पेरा, नाताळला कुंड्या भरलेल्या. फूल छोटे, बशीबिशी विसरा. धुळीसारखे बी हाताळायचा सराव नसेल तर पहिले वर्ष याच्यावरच काढा.

मधली वाट म्हणजे बोलिव्हिएन्सिस जातीचा बिगोनिया. त्यालाही कंद असतो, फुले लांबट, घंटेसारखी खाली झुकलेली, आणि ऊन त्याला बरेच मानवते. बियांपासून होणारा ‘सांताक्रूझ सनसेट’ हा त्यातलाच. नाव वाचून आपल्याला लोकल आठवते, तेवढेच. टांगत्या कुंडीसाठी मी आता त्यालाच पहिली पसंती देते.

दापोली किंवा आंबोलीला घर असेल तर माझा हिशेब थोडा बदला. तिथल्या रात्री किनाऱ्यापेक्षा बऱ्याच गार, फुलांचे दिवस वाढतात, मग एखाद-दुसरा कंद लावून बघायला हरकत नाही. तरी आंबोलीच्या पावसात तो उघड्यावर ठेवू नका.

फुले संपल्यावर कंद जपावा का? मी भाताच्या तुसात ठेवून पाहिले, जुलैत बुरशी. आता दरवर्षी नवे बी. कंदवाला बिगोनिया पावसाळ्यातच बघायचा असेल तर जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) ऑगस्टात फिकट गुलाबी फुले येतात ती पाहा. ती बिगोनिया क्रेनाटा, तिलाही खाली बारीकसा कंद असतो. उपटून कुंडीत आणू नका, गडग्यावरच बरी दिसते.