जॉली बॉय बेट, अंदमान : एका गाडीवाल्याने पार्टी होऊन पाहिलेलं

मी नागपूरचा, चौदा वर्षांपासून टुरिस्ट गाडी चालवतो. विमानतळावरून पार्टी उचलायची, पेंचच्या सिल्लारी गेटला नाहीतर ताडोब्याच्या मोहर्लीला सोडायची आणि सफारी होईस्तोवर टपरीवर चहा पीत बसायचं. पार्टी परत आली की मी एकच विचारतो, "झाली का सायटिंग?" नाही म्हटलं की नागपूरपर्यंत गाडीत सुतक. एकाने तर माझ्याकडेच पैसे वापस मागितले होते, जसा काही वाघ माझ्या डिक्कीत बसला होता.

यंदा डिसेंबरात पहिल्यांदा मीच पार्टी झालो. बायको, नऊ वर्षांची पोरगी आणि मी, कोलकात्यावरून पोर्ट ब्लेअर. गावाचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण टॅक्सीवाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. घड्याळ आपलंच, पण सूर्य नागपूरपेक्षा तासभर आधी उगवतो. संध्याकाळी साडेपाचला अंधार, मग करा काय करायचं ते.

जॉली बॉयची बोट वंडूरहून सुटते, गावापासून पंचवीस-तीस किलोमीटर. हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ चं, २८१ चौरस किलोमीटरचं. म्हणजे महाराष्ट्रातल्या पेंचच्या मूळ राष्ट्रीय उद्यानाहून थोडंसंच मोठं. फरक इतकाच की इथे बहुतेक पाणी आहे. गेटं मी बरीच पाहिली, त्यामुळे धंद्याच्या नजरेने सांगतो : वंडूरचं गेट एक नंबर. वनखात्याच्या माणसाने आमची पिशवी टेबलावर अक्षरशः पालथी केली. चिप्सचा पुडा, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचं सगळं बाजूला. पाण्यासाठी त्यांच्याकडूनच डिपॉझिट भरून बाटली घ्यायची आणि परतताना मोजून द्यायची. नागपूरहून नेलेल्या संत्रा बर्फीवर पन्नी होती, तीही निघाली. तिखट-मिठाच्या पुऱ्या मात्र स्टीलच्या डब्यात होत्या म्हणून पास. "मी म्हटलं होतं न, डबा घ्या, वजन होते म्हणून कटकट करत होते तुम्ही," हे वाक्य मी त्या दिवशी चारदा ऐकलं. मागची पार्टी वाद घालत होती, तर तो माणूस आवाज न चढवता म्हणाला, पुडा इथे ठेवा नाहीतर तुम्ही इथे थांबा. आमच्याकडच्या काही गेटांवर याला दोन महिने ट्रेनिंग द्यायला पाठवला पाहिजे.

वंडूरच्या किनाऱ्यावर मगरीचे बोर्ड आहेत. खाऱ्या पाण्यातली मगर, आपल्या नदीतल्या मगरीहून बरीच मोठी. पोरगी तिथून माझा हात सोडायला तयार नव्हती.

बोटीने तासभर. दोन्हीकडे बेटं, झाडं थेट पाण्यात उतरलेली, खारफुटीची मुळं, माणूस नाही, घर नाही. हा तास मला सगळ्यात आवडला आणि याच तासात निम्मी बोट झोपली होती. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट बाहेरच थांबते आणि तळाला काच असलेल्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात.

इथे माझी तक्रार. एजंट म्हणाला होता काचेची बोट पॅकेजमध्ये आहे. आहे, पण किनाऱ्यावर सोडण्यापुरती. बसलो, वाकलो, उतरलो. नीट पाहायचं तर वेगळे पैसे. "सगळं इन्क्लुडेड" म्हणजे काय ते मला तरी कळायला हवं होतं, मीही तेच म्हणतो गिऱ्हाइकांना.

वेगळे पैसे भरून पुन्हा बसलो. पोवळं म्हणजे मंगळाचा लाल खडा, एवढीच माझी अक्कल. यूट्यूबवर लाल, जांभळं, पिवळं बघून गेलेलो. काचेखाली तपकिरी, राखाडी, मधेच पांढरे फटक पट्टे. माझ्या तोंडून निघालंच, "भाऊ, रंग कुठाय?" बोटवाला हसला. ते हसणं मी ओळखलं, मोहर्लीला मी तसंच हसतो. मग त्याने सांगितलं : पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विझतो. पोवळं हा जीव आहे, त्याचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या बारीक शेवाळाचा. समुद्र जास्त तापला की जीव ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० मध्ये अंदमानात असं फार झालं होतं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नाही, पण पाणी लवकर निवलं नाही तर मरतं.

मग मास्क लावून पाण्यात उतरलो. मी कन्हानला पोहायला शिकलेला माणूस, नाकात खारं पाणी गेल्यावर सगळा रुबाब गेला. पण खाली तोंड घातलं आणि कर्रकर्र आवाज आला. पोपटमासा पोवळं चावत होता. तो ते दळून मागून वाळू सोडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर लोक फोटो काढतात, तिचा काही भाग त्याच्या पोटातून आलेला. एक मोठा शिंपला होता, निळे काठ, आमची सावली पडली तसा मिटला. त्यानंतर अर्धा तास मी रंगाचं नाव काढलं नाही.

पोरीने किनाऱ्यावर पोवळ्याचा पांढरा तुकडा खिशात घातला होता. गार्डने प्रेमाने, पण तिथेच परत ठेवायला लावला. म्हणाला, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्यातच हाही. पोरगी रडली. मी गप.

वंडूरला टॅक्सीवाला झाडाखाली सीट मागे करून झोपला होता. उठला, काच खाली केली आणि विचारलं, "दिसलं का काही?"

पाचपैकी चार. एक मार्क एजंटचा कापला. सोमवारी बंद असतं. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे, उरलेल्या दिवसांत रेड स्किन बेटावर नेतात. आधार कार्ड लागतं. बेटावर चहासुद्धा मिळत नाही, तेव्हा डबा न्या, स्टीलचा.