टिम अँड एरिकचा शो बघितला आणि आईला वाटलं मोबाईल बिघडला

शिफ्ट संपवून अंधेरीहून परळला घरी पोचेपर्यंत एक वाजतो, झोप काय लगेच येत नाही, मग वन रूम किचनमध्ये आई पलंगावर, मी खाली गादीवर, कानात इयरफोन, असा आपला रोजचा कार्यक्रम. गेले दोन आठवडे त्यात ‘टिम अँड एरिक ऑसम शो, ग्रेट जॉब!’ हा छोट्या छोट्या विनोदी स्किटचा शो चालू आहे. टिम हायडेकर आणि एरिक वेअरहाइम अशी ही जोडी, २००७ ते २०१०, पाच सीझन, अमेरिकेत कार्टून नेटवर्कच्याच चॅनलवर पोरं झोपली की मोठ्यांसाठी अ‍ॅडल्ट स्विम सुरू होतं ना, तिथे यायचा. एक एपिसोड ११ मिनिटांचा. जास्त असता तर मी मेलो असतो.

पहिला एपिसोड बघताना मी खरंच वायफाय बंद करून परत चालू केलं. चित्र अडकतं, माणूस एकच शब्द चारदा बोलतो, जोक संपला तरी कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही आणि तो बिचारा तसाच दात काढून उभा. हास्यजत्रेत पंच पडला की परीक्षक हसतात, आपल्यालाही कळतं की इथे हसायचंय. इथे तसं सांगायला कोणीच नाही, अर्ध्या स्किटना शेवटच नाही, दुसरं काहीतरी मध्येच घुसतं.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला हे अमेरिकन डोक्याचं काम, आपल्याला नाही कळणार. मला उलट वाटतं. तिकडे पब्लिक अ‍ॅक्सेस म्हणून चॅनल असायचे, साधी माणसं जाऊन स्वतःचा कार्यक्रम करायची, ह्यांनी तोच अवतार उचललाय (बाहुल्या घेऊन गाणारा डेव्हिड लीबी हार्ट तर तिथूनच आलेला). आता ज्याने केबलवाल्याचं लोकल चॅनल बघितलंय, पिक्चरच्या खाली कुठल्यातरी भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकतायत, हॉलच्या जाहिरातीत अक्षरं गोल फिरतायत, आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी कमळातून उगवतायत, त्याला हे का नाही कळणार? आपण ते सगळं सिरीयसली बघत होतो एवढाच फरक.

सगळ्यात भारी पात्र डॉक्टर स्टीव्ह ब्रूल. जॉन सी. रायलीसारखा ऑस्कर नॉमिनेशनवाला नट केस विस्कटून न्यूज चॅनलवर बसतो आणि घरगुती सल्ले देतो, शब्द धड उच्चारता येत नाहीत पण आत्मविश्वास असा की आपल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी आठवावा. ह्या ब्रूलला २०१० मध्ये स्वतःचा वेगळा शो मिळाला, तोही बघा.

वाईट बाजू पण आहे. थुंकी, उलटी, काय काय चिकट प्रकार, जेवताना अजिबात लावू नका. आणि लागोपाठ तीन एपिसोड बघितले की डोकं चढतं, गंमत जाते, मग नुसता आरडाओरडा ऐकू येतो. रोज एक, दिवे बंद करून, बस्स.

आता आईचं. परवा इयरफोनची पिन निघाली आणि आवाज बाहेर आला. ती उठली, म्हणाली मोबाईल बिघडलाय का रे, मग चष्मा लावून शेजारीच बसली. सिंको नावाच्या खोट्या कंपनीची जाहिरात चालू होती, अख्खं इंटरनेट एका सीडीवर, कनेक्शन नको काही नको. मी पोट धरून हसतोय आणि ही शांतपणे बघतेय. इथे सांगायला हवं की आमच्या माळ्यावर अजून एक पोट कमी करायचा पट्टा पडलाय, रात्रीच्या टेलिशॉपिंगवर बघून आईने फोन करून मागवलेला, दोन दिवस गरम झाला, तिसऱ्या दिवशी बंद, आणि कंपनीचा नंबरही.

जाहिरात संपल्यावर आई म्हणाली, ‘‘फोन नको हं करूस यांना, पैसे परत देत नाहीत.’’