रात्रीच्या जेसीबीला सही कोणाची? ५८(२) की आपत्ती कायदा

पावसाळा तोंडावर आला की नव्या नगराध्यक्षांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. नाला तुंबून वस्तीत पाणी शिरलं किंवा जुनी भिंत रस्त्यावर आली, तर रात्री जेसीबी लावायचा तो कोणत्या कायद्याखाली? नगर परिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ५८(२) नुसार स्वतःच्या सहीनं, की आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली तहसील आणि जिल्ह्याकडून आदेश घेऊन? मी वकील नाही. पण वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या एका नगर पंचायतीत अध्यक्ष असताना दोन्ही वाटांनी गेलो आहे, तेवढ्या भरवशावर लिहितो.

५८(२) काय म्हणतं ते तुम्हाला शपथविधीच्या दिवशीच कोणीतरी सांगितलं असेल. ज्या कामाला सभेची मंजुरी लागते असं काम, लोकांच्या सुरक्षिततेसाठी तातडीचं असेल तर, अध्यक्ष स्वतः सुरू करायला किंवा थांबवायला सांगू शकतो आणि खर्च नगर निधीतून टाकू शकतो. सभेनं एखादं काम करायचं नाही असं ठरवलं असेल, तर त्याच्या विरोधात मात्र जाता येत नाही. आणि केलेल्या कामाचा अहवाल कारणांसह पुढच्या सभेपुढे ठेवावा लागतो. हे कलम बदनाम आहे, कारण कित्येक ठिकाणी पेव्हर ब्लॉकसुद्धा ‘तातडीचे’ झालेले आहेत. ऑडिटवाले ५८(२) चा आकडा दिसला की चष्मा पुसतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही म्हणवत नाही.

आपत्ती कायद्याचा आवाका कितीतरी मोठा. रस्त्यावरची वाहतूक आणि लोकांची ये-जा रोखणं, मलबा हटवणं, एखादी सोय आधी आपत्तीच्या कामाला मिळवून घेणं हे कलम ३४ मध्ये आहे. खासगी वाहन किंवा जागा अधिग्रहित करणं कलम ६५ मध्ये, आणि अडथळा आणणाऱ्याला कलम ५१ खाली शिक्षाही आहे. या कलमांखालचं काहीही नगर पंचायतीच्या सहीनं होत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात नागपूर जिल्ह्यातलं मोवाड वाहून गेलं, २०४ माणसं गेली. मोवाडला तेव्हाही नगर परिषद होती, पण एवढ्या पाण्यापुढे कोणतीच नगर परिषद पुरी पडली नसती. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला गोसीखुर्द आणि मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराच्या पाण्यानं वैनगंगेकाठची गावं बुडाली. असं काही असेल तर निवड करत बसायची गरजच नाही. तिथं जिल्हाधिकारी, नागपूरचं एसडीआरएफ (राज्य आपत्ती प्रतिसाद दल) पथक आणि बोटी लागतात. तुम्ही शाळेच्या खोल्या उघडून द्यायच्या आणि चहा-खिचडीचं पाहायचं.

निवड आहे ती मधल्या कामांची, म्हणजे तुमच्या हद्दीत, तुमच्याच नाल्यावर, तीन-चार तासांत करून टाकायच्या कामांची. अध्यक्षाच्या काळात अशीच कामं जास्त येतात.

कागदावर पाहिलं तर इथंही आपत्ती कायदाच वरचढ दिसतो. कलम ५० सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री पटली तर ते तातडीच्या खरेदीला अधिकार देऊ शकतं. मग निविदेची अट माफ धरली जाते आणि अधिकृत अधिकाऱ्याचं वापर प्रमाणपत्र हेच हिशेबाला व्हाउचर म्हणून चालतं. नगर परिषदेत असं सुख कुठं? शिवाय सार्वजनिक जागेतला मलबा काढणं, साचलेलं पाणी उपसणं याला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत जागा आहे. ज्या नगर पंचायतीची घरपट्टी पगारालाही अपुरी पडते, तिला हे वाचून तोंडाला पाणी सुटणारच. आम्हालाही सुटलं होतं.

आमचं घोडं अडलं ते तारखेवर.

झालं असं, की वरच्या शिवारात पाऊस झाला आणि वाहून आलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आमच्या नाल्यावरच्या मोऱ्यांत अडकल्या. पाणी आठवडी बाजारातून मागच्या वस्तीत शिरलं. मी तहसीलच्या आपत्ती कक्षाला फोन लावला. साहेब जिल्ह्याच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ बैठकीत होते. दुसऱ्या अधिकाऱ्यानं आपुलकीनं सांगितलं, “लावून द्या ना भाऊ जेसीबी, लेटर येते मांगून.” जेसीबी लागला, मोऱ्या मोकळ्या झाल्या, पहाटेपर्यंत पाणी ओसरलं. लेटरही आलं, शब्द पाळला गेला. फक्त त्यावर ते ज्या दिवशी निघालं त्या दिवसाची तारीख होती, शेजारी जावक क्रमांक होता आणि मजकुरात ‘काम तात्काळ सुरू करण्यात यावे’ असं लिहिलं होतं. जे काम केव्हाच संपलं होतं ते सुरू करायचा आदेश!

आमच्या लेखापालांनी बिल बाजूला ठेवलं. “आदेशाआधीचं काम आदेशाखाली कसं दाखवू?” त्यांचं बरोबर होतं. जेसीबीवाल्याच्या तासांच्या चिठ्ठीवर रात्रीची तारीख, पत्रावर पुढची. चिठ्ठीवरची तारीख बदलून घ्या, असा सल्ला देणारे शहाणे भेटले. मोऱ्या पुन्हा साफ केल्या असं दाखवा, असंही कोणी म्हणालं. दोन्ही खोटं होतं, म्हणून दोन्ही केलं नाही. जेसीबीवाला गावातलाच. तो रोज दिसायचा आणि काही बोलायचा नाही, ते जास्त लागायचं. त्यानं डिझेल स्वतःच्या खिशातून टाकलं होतं. बिल दुसऱ्या आर्थिक वर्षात निघालं, तेही निधी वरून न येता आमच्याच तिजोरीतून.

तहसीलची बाजूही सांगायला हवी. अधिकार जिल्हा प्राधिकरणाचा. म्हणजे महसूल मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, तहसीलची टिप्पणी, मग जिल्हा. रात्री दोन वाजता हे तिन्ही टेबल कोण जागवणार? त्यात आमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरले नव्हते, म्हणजे अतिवृष्टीची नोंदही नाही. वरच्या शिवारातलं पाणी नाल्यानं आमच्याकडे येतं, पर्जन्यमापकात थोडंच येतं. दुसऱ्या तालुक्यात हेच काम झटपट झालं असेलही. एखादा तरतरीत तहसीलदार व्हॉट्सअॅपवर सहीचा आदेश लगेच टाकतो, असं मी ऐकलं आहे.

पुढच्या वेळी ५८(२) वापरलं. लेटरहेड गाडीतच ठेवलेलं होतं. जागेवर उभं राहून लिहिलं: वेळ, ठिकाण, धोका काय, कोणतं यंत्र, ताशी दर किती. मुख्याधिकाऱ्यांना फोन केला, त्यांनी अभियंत्याला पाठवलं. आदेश आधी आणि काम नंतर, असा क्रम कागदावरही आला आणि खरंही तसंच होतं. सभेत विरोधकांनी विचारलं की मोऱ्या उन्हाळ्यात का साफ झाल्या नाहीत. प्रश्न योग्य होता, उत्तर द्यावं लागलं आणि विषय मंजूर झाला. ऑडिटमध्ये दराबद्दल शेरा आलाच. शेजारच्या नगर परिषदेचे मंजूर दर जोडून दिले आणि शेरा निघाला. कटकट होती, पण ती माझ्या टेबलावरची होती. तिच्यासाठी दुसऱ्याच्या दारात बसावं लागलं नाही.

‘५८(२) ला कार्योत्तर मंजुरीची टांगती तलवार’ असं म्हणणाऱ्यांनी आपत्ती कायद्याचं कलम २६ वाचावं. जिल्हाधिकाऱ्यांनी अध्यक्ष म्हणून तातडीत प्राधिकरणाचे अधिकार वापरले तर त्यालाही नंतर प्राधिकरणाची मंजुरी लागते. साचा तोच. फरक एवढाच, की त्यांच्या प्राधिकरणात पोलीस अधीक्षक, सीईओ असे अधिकारी जास्त आणि निवडून आलेला माणूस सहअध्यक्षाच्या खुर्चीत एकटा. तुमच्या सभागृहात मात्र पुढच्या निवडणुकीला तुमच्यासमोर उभे राहणारेच बसलेले असतात.

जाता जाता एक गंमत. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा महापालिकांत हाच तातडीचा अधिकार महापौराकडे नसून आयुक्तांकडे आहे, १९४९ च्या अधिनियमाचं कलम ६७(३)(क). २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिकांच्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं शहरी आपत्ती प्राधिकरण नेमण्याची सोयही झाली. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांना ते नाही. आपल्याकडे मात्र १९६५ पासून हा अधिकार निवडून आलेल्या माणसाच्या हातात आहे. मोठ्या शहरातल्या महापौराला जे मिळालं नाही ते तुम्हाला मिळालं आहे. वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तरी सगळ्यांनी ५८(२) च घ्यावं असं मी म्हणणार नाही. तुमच्यामागे सभागृहात बहुमत नसेल, तर तहसीलच्या पत्राची वाट पाहिलेली बरी, कारण फेटाळलेल्या अहवालाची वसुली कोणाच्या अंगावर येईल हे सांगता येत नाही. काम खासगी घराला, शेताला किंवा माणसं हलवण्याला हात लावणारं असेल, तरी तिकडेच जा. जमावबंदी किंवा पुलावरची बंदी हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुनं १४४, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. उन्हाळ्यातल्या विहीर अधिग्रहणाचा तर इथं विचारच नको, तो महसूलचा विषय आहे. आणि रक्कम इतकी मोठी असेल की नगर निधी कोलमडेल, तर तारखेची कटकट सोसून कलम ५० च मागा.

बाकी नाला, मोरी, पडलेलं झाड, तुंबलेला पंप यांना माझं मत ५८(२) लाच. आदेश रात्रीच लिहा, नोटशीट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडा, फोटो वेळेसकट ठेवा. आणि त्या आदेशाचा फोटो त्याच रात्री तहसीलदारांच्या व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवा. पुढे निकषात बसून निधी मिळालाच तर नगर पंचायतीनं आधीच कळवलं होतं हे दाखवता येतं, आणि नाही मिळाला तरी जेसीबीवाल्याचं बिल अडत नाही.